मेम्ब्रेन प्रोटीनवर औषध खरंच बसतं का? सामायिक सुविधेकडे जाण्याआधी विचारायचे प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुमच्याकडे दहा-बारा रेणूंची एक मालिका आहे. जी-प्रोटीनशी जोडलेला एक रिसेप्टर (पेशीच्या पटलात, म्हणजे मेम्ब्रेनमध्ये बसून बाहेरचा संदेश आत पोचवणारं प्रोटीन) हे त्यांचं लक्ष्य आहे असा तुमचा दावा आहे, आणि त्या रिसेप्टरवर बसणारी जुनी औषधं आधीपासून माहीत आहेत. पेशींवरच्या चाचणीत तुमचे रेणू मायक्रोमोलार (लिटरमागे मोलचा दशलक्षावा भाग) पातळीला काम करतात, पण रिव्ह्यूअर म्हणतो, थेट बाइंडिंग, म्हणजे रेणू रिसेप्टरवर प्रत्यक्ष बसणं, दाखवा. तुमच्या लॅबमध्ये ना एसपीआर (चिपवरच्या प्रोटीनवर औषध बसताना-सुटताना मोजणारं यंत्र) आहे, ना कॅलरीमीटर (बसतानाची उष्णता मोजणारं यंत्र), ना रेडिओअ‍ॅक्टिव्ह कामाची परवानगी. मग सामायिक सुविधेकडे जावं का, तिथे कुठलं यंत्र मागावं, आणि आलेल्या आकड्यावर कितपत विसंबावं?

जावं, नक्की जावं. फक्त यंत्र आधी ठरवून जाऊ नका. मी बरीच वर्षं अशाच सुविधेत काम करते आहे, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक अर्ज 'एसपीआरसाठी वेळ हवा' किंवा 'क्रायो-ईएमचा (गोठवलेल्या प्रोटीनची रचना दाखवणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) स्लॉट हवा' अशाच शब्दांत येतात. त्यांना मी उलट एकच प्रश्न विचारते: तुमच्या नळीतल्या रिसेप्टरपैकी किती टक्के रिसेप्टर अजून औषध धरू शकतो? याचं उत्तर ज्याच्याकडे असतं त्याचं काम कुठल्याही यंत्रावर होतं. ज्याच्याकडे नसतं त्याला सगळ्यात महागडं यंत्रसुद्धा एक सुबक, गुळगुळीत आणि निरर्थक वक्ररेषा काढून देतं. पुढचं सगळं उत्तर याच प्रश्नाभोवती आहे.

पेशीपटल हा लिपिडचा दुहेरी थर. त्यात रुतून बसलेलं प्रोटीन पाण्यात विरघळत नाही. बाहेर काढायचं तर डिटर्जंट (साबणासारखा पदार्थ) लागतो, आणि डिटर्जंट लिपिड सोडवता सोडवता प्रोटीनलाही सैल करतो. माणसाच्या जीनोममध्ये साधारण पाव जनुकं मेम्ब्रेन प्रोटीनची आहेत आणि वापरात असलेल्या औषधांपैकी सुमारे एक तृतीयांश औषधं एकट्या जी-प्रोटीन रिसेप्टरांच्या कुळावर काम करतात. तरी अभ्यासात ही प्रोटीनं कायम मागे राहिली. मायोग्लोबिनची रचना १९५८ मध्ये समजली. पटलातल्या प्रोटीनची पहिली बारकाईची स्फटिकरचना, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूचं रिअ‍ॅक्शन सेंटर, त्यासाठी १९८५ उजाडावं लागलं. औषधांच्या दृष्टीने कळीचा बीटा-२ अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर तर २००७ मध्ये हाती आला. मधल्या काळात क्ष-किरण होते, गणित होतं, माणसंही होती. अडलं होतं ते सॅम्पलपाशी, आणि आजही बहुतेक प्रकल्प तिथेच अडतात.

सामायिक सुविधांचं खरं मोलही इथेच आहे. या कामाची साखळी लांब असते. कीटकांच्या किंवा माणसाच्या पेशींत प्रोटीन बनवायचं, डिटर्जंटने सोडवायचं, शुद्ध करायचं, लागलं तर पुन्हा लिपिडमध्ये बसवायचं, मग बाइंडिंग मोजायचं, रचना काढायची, आणि शेवटी विद्युत किंवा पेशीय चाचणीत त्याचा अर्थ लावायचा. ही सगळी कौशल्यं एका गटाकडे क्वचितच असतात. म्हणून ब्रिटनच्या डायमंड सिंक्रोट्रॉनवर (तीव्र क्ष-किरण देणाऱ्या केंद्रात) मेम्ब्रेन प्रोटीनसाठी वेगळी लॅबोरेटरी उभी आहे. युरोपात रचना-जीवशास्त्राच्या सुविधांचं इन्स्ट्रक्ट-ईआरआयसी हे जाळं आहे. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने २०१८ मध्ये न्यूयॉर्क, पोर्टलंड आणि स्टॅनफर्ड-एसएलएसी अशी तीन राष्ट्रीय क्रायो-ईएम केंद्रं सुरू केली, आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात पीडीएसपी हा रिसेप्टर-बाइंडिंगचा कार्यक्रम चालतो. अशा ठिकाणी वैज्ञानिक प्रस्ताव तपासून प्रवेश मिळतो आणि पात्र संशोधकांना बहुधा शुल्क लागत नाही. विद्यापीठांच्या कोअर फॅसिलिटी तासावर आकारणी करतात. दोन्ही ठिकाणी तुम्हाला मिळणारी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे रोज वेगवेगळी बिघडलेली सॅम्पलं पाहणारा माणूस. त्याला प्रस्ताव लिहिण्याआधी फोन करा. 'हे आत्ता करू नका' असं तो स्पष्ट सांगत असेल, तर ती सुविधा चांगली आहे असं समजा.

आता तुमच्याबद्दल. पहिला थांबा मी रेडिओलिगंड बाइंडिंगचा सुचवेन. पद्धत जुनी आहे, दिसायला साधी आहे आणि म्हणून नव्या मुलांना ती आवडत नाही. पण तुमच्या अडचणीवर तीच नेमकी लागू पडते. रिसेप्टर बनवणाऱ्या पेशी फोडून त्यांचं पटल वेगळं करायचं, त्याला डिटर्जंट लावायचाच नाही. त्यावर ट्रिटियम किंवा आयोडीन-१२५ (किरणोत्सारी अणू) लावलेलं माहितीतलं लिगंड, म्हणजे रिसेप्टरवर बसणारा रेणू, सोडायचं आणि तुमचा रेणू त्याला किती हटवतो ते मोजायचं. या मोजणीत मेलेला रिसेप्टर दिसतच नाही. ज्याचा खिसा (औषध बसायची जागा) शाबूत आहे तोच लेबल लावलेलं लिगंड धरतो, म्हणून तोच मोजला जातो. वर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर प्रयोगाच्या रचनेतच मिळून जातं. पीडीएसपीची रीतही समजून घेण्यासारखी आहे. आधी १० मायक्रोमोलारला प्रत्येक रेणू चार वेळा तपासतात, आणि किमान ५० टक्के हटवणूक दिसली तरच पूर्ण वक्र काढून केआय (रेणू किती घट्ट बसतो याचा आकडा; लहान म्हणजे घट्ट) ठरवतात. दहा-बारा रेणूंसाठी ही चाळणी पुरेशी आहे.

अहवाल हातात आला की दोन गोष्टी बघा. पहिली, लेबल लावलेल्या लिगंडपैकी किती भाग रिसेप्टरला बांधला गेला. तो दहाव्या हिश्शाच्या वर असेल तर मोकळं लिगंड कमी पडतं आणि सगळी गणितं सरकतात. निम्मी हटवणूक करणाऱ्या मात्रेवरून केआय काढायचं चेंग-प्रुसॉफ समीकरण १९७३ चं आहे. त्यात मोकळ्या लिगंडचं प्रमाण आणि त्याचा केडी (त्या लिगंडच्या स्वतःच्या पकडीचा आकडा) हे दोन्ही लागतात, आणि तो केडी त्याच पटलावर, त्याच बफरमध्ये मोजलेला हवा. कुठल्या तरी जुन्या तक्त्यातून उचललेला चालत नाही.

दुसरी गोष्ट वेळ. तुमचा रेणू सुटण्याचा वेग सेकंदाला १०⁻⁴ असेल तर त्याचा अर्धा भाग सुटायला जवळपास दोन तास लागतात, आणि कमी मात्रेला समतोल यायला त्याच्या चार-पाच पट, म्हणजे आठ-दहा तास. नेहमीची चाचणी तास-दीड तासात थांबवतात. मग घट्ट बसणारा रेणू अहवालात मध्यम दर्जाचा दिसतो, आणि मालिकेतला सगळ्यात चांगला रेणू कागदावर तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला जाऊन बसतो. म्हणून निदान वरच्या दोन रेणूंसाठी एक तास आणि रात्रभर अशा दोन वेळा मागा. आकडा बदलला तर तो बदल हीच तुमची नवी माहिती.

इथे रिव्ह्यूअर म्हणू शकतो की हटवणूक म्हणजे थेट बाइंडिंग नव्हे. त्याचं म्हणणं काही अंशी बरोबर आहे. तुमचा रेणू दुसऱ्याच जागी बसून रिसेप्टरचा आकार बदलत असेल आणि त्यामुळे लेबल लिगंड सुटत असेल, असं होऊ शकतं. हे तपासायला वेगळं यंत्र लागत नाही. आधी लेबल लिगंड रिसेप्टरवर बसू द्या, मग बिनलेबलचं तेच लिगंड भरपूर घालून त्याचा सुटण्याचा वेग मोजा. एकदा तुमच्या रेणूशिवाय मोजा, एकदा त्याच्यासह. वेग बदलला तर तुमचा रेणू दुसऱ्या जागी बसतो आहे. बदलला नाही तर एकाच जागेसाठी स्पर्धा आहे असं म्हणायला चांगला आधार मिळतो. सुविधेच्या यादीत हा प्रयोग बहुधा नसतो, पण मागितला तर करून देतात.

रेडिओअ‍ॅक्टिव्हिटी नकोच असेल तर रिसेप्टरला नॅनोल्युसिफरेज (प्रकाश देणारं प्रोटीन) जोडून चमकणाऱ्या ट्रेसरबरोबर (लिगंडबरोबर) नॅनोब्रेट करता येतं: ट्रेसर जवळ बसला की प्रकाश त्याच्याकडे जातो, तुमच्या रेणूने हटवला की ते थांबतं, तेही जिवंत पेशींत. फक्त ट्रेसर चांगला मिळायला हवा, आणि जोडलेल्या तुकड्याने रिसेप्टर बिघडत नाही हे आधी दाखवायला हवं.

एवढ्यावर काम भागलं तर थांबा. पुष्कळ पेपर इथेच पूर्ण होतात. पुढे जायचं ते बसण्या-सुटण्याचा वेग हवा असेल, रचना हवी असेल किंवा लेबल करण्याजोगं लिगंडच नसेल तेव्हा. त्यासाठी प्रोटीन शुद्ध करावं लागतं, आणि खरी परीक्षा तिथे सुरू होते.

शुद्धीकरणासाठी सुविधेकडे जाताना जीन, टॅग आणि एक प्रामाणिक क्रोमॅटोग्राम घेऊन जा. रिसेप्टरला जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडून, पेशी विरघळवून थेट साइझ-एक्स्क्लुजन (आकारानुसार वेगळं करणाऱ्या) कॉलमवर घालायची पद्धत २००६ पासून रूढ आहे. आम्ही तिला एफसेक म्हणतो. शुद्ध न करताच, अगदी थोड्या पेशींत कळतं की कुठल्या डिटर्जंटमध्ये प्रोटीन धड राहतं. आलेखात मधोमध एक सुटसुटीत, दोन्ही बाजूंनी सारखा डोंगर असेल तर पुढे जा. कॉलमच्या सुरुवातीलाच, व्हॉइडमध्ये, उंच सुळका असेल तर प्रोटीनचे गठ्ठे झालेले आहेत. डोंगराला उजवीकडे लांब शेपूट असेल तर प्रोटीन कॉलमला चिकटतंय किंवा तुटतंय. लोक हा आलेख पुरवणीत टाकून विसरतात. मी मात्र एखाद्या प्रकल्पाचं भविष्य त्या एका आलेखावरून बऱ्यापैकी सांगू शकते.

डिटर्जंट निवडताना एक हिशेब पक्का ठेवा. डीडीएम आणि एलएमएनजी हे दोन नेहमीचे डिटर्जंट. क्रिटिकल मायसेल प्रमाण म्हणजे ज्याच्या वर डिटर्जंटचे रेणू एकत्र येऊन मायसेल नावाचे गोळे करतात ते प्रमाण. डीडीएमचं ते सुमारे ०.००९ टक्के आहे, एलएमएनजीचं सुमारे ०.००१ टक्के. एलएमएनजी प्रोटीनवरून सहज सुटत नाही, म्हणून नाजूक रिसेप्टरला तो मानवतो, शिवाय कोलेस्टेरॉल हेमिसक्सिनेट थोडं घातलं तर आणखी तग धरतो. आणि प्रोटीन दाट करायला ५० किलोडाल्टनचा फिल्टर वापरता तेव्हा डीडीएमचे रिकामे मायसेलही फिल्टरच्या वरच अडकतात, कारण त्यांचाच आकार तेवढा असतो. प्रोटीन दहापट दाट करताना डिटर्जंटही कितीतरी पट दाट होतो, आणि लेबलवर मात्र जुनाच टक्का लिहिलेला राहतो. कॅलरीमीटरवर याची किंमत मोजावी लागते. यंत्राचा सेल (मोजणीचा कप्पा) आणि सिरिंज यांमधलं डिटर्जंट जुळत नसेल तर मायसेल फुटण्याची उष्णता औषध बसण्याच्या उष्णतेला गिळून टाकते. सॅम्पल पाठवताना डिटर्जंटचं प्रमाण मोजून लिहा, अंदाजाने लिहू नका.

त्यानंतर लिपिडमध्ये परत बसवणं. नॅनोडिस्क म्हणजे दोन पट्ट्यासारख्या प्रोटीनांनी कडेने धरलेली लिपिडची चकती. एमएसपी१डी१ वापरलं तर तिचा व्यास साधारण १० नॅनोमीटर होतो. रिसेप्टर यात डिटर्जंटपेक्षा बराच सुखात राहतो. एसएमए नावाचा पॉलिमर तर डिटर्जंट न लावता पटलाचा तुकडाच कापून आणतो, पण कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम जास्त असलं की त्याचा साका होतो. रिसेप्टरच्या चाचणीला मॅग्नेशियम लागत असेल तर हे आधीच बोलून घ्या.

प्रोटीन तग धरतंय का हे तापवून पाहतात. नेहमीचा सायप्रो ऑरेंज रंग इथे चालत नाही, कारण तो मायसेलमध्येच शिरून चमकतो. त्याऐवजी उघड्या पडलेल्या सिस्टीनला धरणारा सीपीएम रंग वापरतात किंवा रंगाविना, प्रोटीनच्या स्वतःच्याच चमकेवर, नॅनोडीएसएफ करतात. माहितीतलं औषध घातल्यावर वितळण्याचं तापमान वर सरकलं, तर नळीतल्या प्रोटीनला औषध कळतंय याचा तो पहिला पुरावा. माझा आग्रह असा की हा पुरावा हातात आल्याशिवाय एसपीआरची तारीख घेऊच नये.

एसपीआरबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मागणी त्याला आहे आणि सगळ्यात जास्त चुकीचे अर्थही त्याचेच लावले जातात. यंत्र चिपवरच्या वस्तुमानातला बदल मोजतं. समजा ५० किलोडाल्टनचा रिसेप्टर तुम्ही चिपवर ५००० आरयू (या यंत्राच्या संकेताचं एकक) एवढा बसवला आणि औषध ४०० डाल्टनचं आहे. प्रत्येक रिसेप्टरवर एक रेणू बसला तर जास्तीत जास्त संकेत ४० आरयू. पण रिसेप्टर नॅनोडिस्कमध्ये असेल तर त्या ५००० मध्ये लिपिड आणि पट्ट्याचं वजनही आहे. सगळं मिळून साधारण २०० किलोडाल्टन धरलं तर संकेत उरतो १० आरयू. त्यातला निम्मा रिसेप्टर मेलेला असेल तर ५. आता डीएमएसओचं बघा. तुमचे रेणू डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले असतात, आणि बफरमध्ये १ टक्का डीएमएसओ वाढलं की संकेत हजार-बाराशे आरयूने उडतो. म्हणजे चालत्या बफरमध्ये आणि सॅम्पलमध्ये ०.०१ टक्का फरक राहिला, तरी दहा-बारा आरयूची उडी येते. तुम्ही शोधताय त्या संकेतापेक्षा ती मोठी आहे.

म्हणून स्क्रीनसमोर बसून सेन्सरग्राम (वेळेनुसार संकेताचा आलेख) स्वतः पाहा. औषध सोडल्याक्षणी रेषा काटकोनात वर गेली, सपाट राहिली आणि थांबवल्याक्षणी काटकोनात खाली आली, तर ते बफरमधल्या फरकाचं काम असू शकतं किंवा खरोखर झटपट बसणारं-सुटणारं औषधही असू शकतं. दोन्ही दिसायला सारखी असतात. फरक कळतो तो संदर्भ-चॅनेल (तुलनेसाठी ठेवलेला चिपचा भाग) वजा केल्यावर, डीएमएसओची दुरुस्ती-वक्र लावल्यावर आणि मात्रा वाढवत नेली की संकेत कुठेतरी थांबतो का हे पाहिल्यावर. जो संकेत मात्रेबरोबर सरळ रेषेत वाढतच राहतो, ४० च्या जागी १५० आरयूला पोचतो, तो रिसेप्टरच्या खिशातला नाही.

मग तो कुठला असतो? बहुतेक वेळा लिपिडमधला. मेम्ब्रेन प्रोटीनवरची औषधं स्निग्धप्रिय असतात. ती डिस्कच्या लिपिडमध्ये किंवा मायसेलमध्ये आपोआप मुरतात. त्यामुळे संदर्भ-चॅनेलवर कोरी चिप ठेवून भागत नाही, तिथे रिकामी नॅनोडिस्क बसवायला हवी. त्याहून चांगलं म्हणजे खिशातला एक अमिनो आम्ल बदलून बाइंडिंग मारलेला तोच रिसेप्टर. तुमच्या मालिकेत एखादा निष्क्रिय जुळा रेणू असेल, विशेषतः त्याच रेणूचा आरशातला प्रतिरूप, तर त्याच्याइतका मोलाचा कंट्रोल नाही. दोघांची स्निग्धप्रियता सारखीच, लिपिडमध्ये दोघे सारखेच मुरतात, पण खिसा एकालाच ओळखतो. प्रस्तावात असा जुळा रेणू दिसला की मी तो अर्ज आनंदाने वर ठेवते.

चिपवर किती रिसेप्टर शाबूत आहे तेही इथेच मोजून घ्या. माहितीतलं औषध भरपूर मात्रेत सोडा, मिळालेला कमाल संकेत अपेक्षित संकेताशी ताडून पाहा. तो भागाकार प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी करायचा. सकाळी ६० टक्के आणि संध्याकाळी २० टक्के असेल, तर दुपारनंतरचे वेगाचे आकडे टाकून द्या.

बाकीची यंत्रं थोडक्यात. कॅलरीमीटरला लेबल लागत नाही, पण प्रोटीन खूप लागतं. २०० मायक्रोलिटरच्या सेलमध्ये २० मायक्रोमोलार भरायचं तर ५० किलोडाल्टनच्या प्रोटीनचे एका मापनाला ०.२ मिलिग्रॅम जातात, आणि रिसेप्टरच्या बाबतीत ती चैन आहे. एमएसटीला (उष्णतेने रेणू कसे सरकतात यावरून बाइंडिंग मोजणाऱ्या पद्धतीला) प्रोटीन कमी लागतं, मात्र स्वतःच चमकणारा किंवा गठ्ठे करणारा रेणू त्याला फसवतो. मायक्रोमोलार मात्रेला पुष्कळ रेणू पाण्यात सूक्ष्म गठ्ठे करतात. हे सगळ्याच पद्धतींना बाधतं, तेव्हा रेणू पाठवण्याआधी लाइट स्कॅटरिंगवर एकदा तपासा.

क्रायो-ईएमचा मोह मला समजतो. २०१३ मध्ये टीआरपीव्ही१ चॅनेलची ३.४ अँगस्ट्रॉमची रचना आली आणि स्फटिकाविना हे होतं हे सगळ्यांनी पाहिलं. पण औषधाचा रेणू खात्रीने बसवायला साधारण ३ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून बरं रिझोल्यूशन त्या खिशातच मिळावं लागतं. रिझोल्यूशन त्याहून खराब झालं की खिशातला धूसर ठिपका औषधाचा की लिपिडचा हे सांगता येत नाही. शिवाय एकटा रिसेप्टर लहान असतो. त्याला जी-प्रोटीन, नॅनोबॉडी किंवा फॅब (दोन्ही अँटिबॉडीचे लहान तुकडे) जोडून मोठं करावं लागतं, आणि जे जोडाल ते रिसेप्टरला एका ठरावीक स्थितीत धरून ठेवतं. तुमचे रेणू मायक्रोमोलारवर बसतात, म्हणजे ग्रिडवर खिसे भरलेले राहावेत यासाठी औषध शेकडो मायक्रोमोलार घालावं लागेल. ते तेवढं विरघळतं का? एक-दोन रेणू नॅनोमोलारकडे (हजारपट कमी मात्रेला बसण्याकडे) आले की मग रचनेचा प्रस्ताव लिहा, तो तेव्हा जास्त ताकदीचा होईल.

स्थितीचा मुद्दा आला आहे तर तो नीट सांगते, कारण आकड्यांवरचे सगळे वाद इथून सुरू होतात. रिसेप्टर एका आकारात बसून राहत नाही. जी-प्रोटीन जोडलेलं असताना अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टर चालू करणारं औषध) घट्ट बसतो, जीटीपी (जी-प्रोटीनला रिसेप्टरपासून सोडवणारा पेशीतला रेणू) घातलं की सैल होतो. सोडियम आयन अनेक रिसेप्टरांत अ‍ॅगोनिस्टची पकड कमी करतो. तग धरण्यासाठी म्युटेशन करून स्थिर केलेला रिसेप्टर बहुधा एकाच स्थितीत अडकलेला असतो. अँटागोनिस्टच्या (रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाच्या) स्थितीत अडकलेल्या रिसेप्टरवर तुमचा अ‍ॅगोनिस्ट मोजला, तर तो बिचारा कमजोरच दिसणार. आयन चॅनेलमध्ये (पटलातून आयन जाऊ देणाऱ्या प्रोटीनांत) तर हे आणखी टोकाचं आहे. लिडोकेनसारखी औषधं सोडियम चॅनेल उघडा किंवा निष्क्रिय असताना जास्त घट्ट बसतात, आणि चॅनेल कुठल्या स्थितीत आहे हे पटलावरचा विद्युतदाब ठरवतो. नळीत शुद्ध केलेल्या चॅनेलला विद्युतदाबच नसतो. अशा लक्ष्यासाठी पॅच क्लॅम्पला (पेशीच्या पटलावर विद्युतदाब धरून चॅनेलचा प्रवाह मोजण्याला) पर्याय नाही. आता ३८४ कप्प्यांची स्वयंचलित यंत्रं सामायिक सुविधांत असतात, त्यामुळे ते पूर्वीइतकं अवघडही राहिलेलं नाही.

व्यवहाराच्या बाबतीत तीन गोष्टी लेखी घ्या. कच्चा डेटा तुमच्याकडे पूर्ण येणार, फक्त फिट केलेला तक्ता नव्हे. रेणूंची रचना गुप्त ठेवायची असेल तर कोणापर्यंत ती जाणार हे आधी ठरणार. आणि सुविधेतल्या शास्त्रज्ञाने प्रयोगाची आखणी केली असेल तर त्याचं नाव लेखकांत असणार. या शेवटच्या मुद्द्यावर लोक कुरकुर करतात. मला ते पटत नाही. कंट्रोल सुचवणारा, खराब सेन्सरग्राम ओळखून टाकून देणारा माणूस त्या निष्कर्षाचा भागीदार असतो.

सॅम्पल पाठवताना प्रोटीन लहान लहान भागांत गोठवा, म्हणजे एक भाग एकदाच वितळवला जाईल. त्याच बॅचचा एक भाग स्वतःकडे ठेवा. सोबत बफरची पूर्ण यादी, कोरा बफर, माहितीतलं औषध, निष्क्रिय जुळा रेणू आणि प्रत्येक रेणूची शुद्धता पाठवा. गोठवून-वितळवल्यावरचा कॉलमचा आलेखही जोडा. ताज्या प्रोटीनचा आलेख सगळे जोडतात, पण चिपवर जाणार असतं ते वितळवलेलं.

तर तुमचा क्रम असा ठेवा. येत्या प्रस्तावात फक्त पटलावरचं रेडिओलिगंड किंवा नॅनोब्रेट मागा, वरच्या दोन रेणूंसाठी दोन वेळा आणि सुटण्याच्या वेगाचा प्रयोग धरून. दरम्यान तुमच्याच लॅबमध्ये जीएफपी जोडलेला रिसेप्टर तीन-चार डिटर्जंटमध्ये कॉलमवर घालून पाहा. त्याला फ्लुरेसन्स डिटेक्टर असलेला एचपीएलसी (दाबाखाली द्रव ढकलणारं कॉलमचं यंत्र) पुरतो. डोंगर चांगला आला आणि माहितीतल्या औषधाने वितळण्याचं तापमान हललं, तर दुसऱ्या प्रस्तावात एसपीआर.

दोन्हीकडचे आकडे हाती आले की शेजारी शेजारी मांडा. तिपटीच्या आत फरक असेल तर निर्धास्तपणे लिहा. दहापटीहून जास्त असेल तर सरासरी काढू नका आणि सोयीचा आकडाही निवडू नका. आधी दोन्हीकडचं सोडियम, तापमान आणि वेळ ताडून पाहा. मग निष्क्रिय जुळा रेणू दोन्हीकडे गप्प आहे का ते पाहा. शुद्ध प्रोटीनवर पकड पटलापेक्षा सैल दिसत असेल तर रिसेप्टरची स्थिती किंवा हरवलेलं लिपिड तपासा, आणि उलट असेल तर समतोलाला पुरेसा वेळ दिला होता का ते. यातलं जे सापडेल ते रिव्ह्यूअरला आकड्यांसकट कळवा.